नवरंग मागे का पडला

३ ऑक्टोबर २००५, सोमवार

ही डायरी जानेवारीत औषधाच्या दुकानदारानं फुकट दिली होती. नऊ महिने कोरी पडून होती. आज बाहेर काढली, कारण एकच प्रश्न डोक्यात घोळवून घोळवून माझं जेवणात लक्ष लागत नाही, असं बायकोचं, कुंदाचं म्हणणं. कागदावर मांडलं तर सुटेल. प्रश्न असा: आमचा 'नवरंग' टीव्ही गेम सगळ्या बाबतींत सरस असताना नागपूरच्या 'फटाका'च्या मागे का?

सरस कसा, तेही लिहून ठेवतो. नवरंगचं चित्र पिनेतून सरळ टीव्हीत जातं. फटाकाचं चित्र एरियलच्या गोल भोकातून रांगत जातं, म्हणून त्यात मुंग्या दिसतात. आमचा डबा जाड प्लास्टिकचा, हातातून पडला तरी फुटत नाही. आमच्याकडे सोल्डरिंग तिघंच करतात: मी, माझी मुलगी आभा आणि इंदूबाई. आभानं पॉलिटेक्निकची पदविका घेतली आहे, इंदूबाई चौथी शिकली आहे, पण हात दोघींचाही असा की बोर्ड उलटा केला तर मोत्यांची ओळ दिसावी. आणि फटाका? त्याचा मालक धर्मपाल हा दत्त चौकात माझ्या तेव्हाच्या दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या टपरीत पाच वर्षं रेडिओ दुरुस्त करत बसायचा. रेझिस्टन्सवरचे रंग वाचायला मलाच विचारायला यायचा. त्याचं सोल्डरिंग कावळ्यानं शिटावं तसं.

तरी दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आमचे जेवढे गेम गेले, त्याच्या चौथ्या हिश्शाचीही मागणी यंदा नाही. कारण उघड आहे. कापसाला भाव नाही, जिल्ह्यात रोज कोणीतरी जीव देतंय, अशा सालात खेळणं कोण घेणार.

हे कुंदाला वाचून दाखवलं. ती पोळी लाटत म्हणाली, "अहो, मग ते फटाका कोण घेऊन राहिलं?"

तिला धंद्यातलं कळत नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडवर आज एक म्हातारी आली. आर्णीजवळच्या तांड्यावरची, नाव बसंतीबाई. पिशवीत नवरंगचं खोकं. आर्णीच्या खेमसिंगच्या दुकानातून घेतलेला. खेमसिंग आमचा तिथला विक्रेता, घड्याळं, टॉर्च आणि गेम विकतो. बाईनं वेचणीच्या मजुरीतून नातवंडांसाठी घेतला म्हणे. दोन नातू. त्यांचा बाप, म्हणजे हिचा मुलगा, पोळ्याच्या आठवड्यात गेला. कसा गेला ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या साली ते विचारावं लागत नाही. तेव्हापासून पोरं अंगणाबाहेर जात नाहीत, हसत नाहीत, असं तिचं म्हणणं.

तक्रार काय, तर टीव्हीला वायर लागत नाही. मी गेम आमच्या टीव्हीवर लावून दाखवला. चित्र लख्ख. विचारपूस केल्यावर कळलं की तिचा टीव्ही जुना ब्लॅक अँड व्हाईट, त्याला एरियलचे दोन स्क्रू सोडून काही नाही. मी तिला नीट समजावलं की मशीन उत्तम आहे, टीव्ही बदलावा लागेल.

"टीव्ही तं त्याहीच्या बापानं आणलता," ती म्हणाली. "तो कसा बदलू?"

मालात दोष नसेल तर माल परत घेत नाही, अशी पाटी मी बाहेर लावली आहे. सगळ्यांना एक न्याय. ती खोकं पिशवीत घालून निघाली. आभा समोर बसून हे ऐकत होती. ती हातातलं काम टाकून म्हातारीच्या मागे गेली आणि दीड तासानं परत आली. तिच्या टेबलावर चाळीस बोर्ड तसेच. मी बोललो तर म्हणाली, एसटीत बसवून दिलं.

पोरगी मनानं हळवी आहे. कारखान्यात हळवेपणा परवडत नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

जेवताना आभानं विषय काढला. नवरंगमध्ये एक मॉड्युलेटर घालू, म्हणजे एरियलच्या स्क्रूला जोडता येईल. शिवाय अडॅप्टरऐवजी बॅटरीवर चालवू, कारण खेड्यात वीज असतेच कुठे. तिनं म्हणे गेल्या महिन्यात खेमसिंगच्या दुकानात दिवसभर बसून गिऱ्हाइकांना विचारलं होतं. दहातल्या सात जणांकडे जुना टीव्ही.

मी म्हटलं, एरियलमधून पाठवलं की मुंग्या येतात. लोकांना मुंग्या दाखवायला मी कारखाना काढलेला नाही. ज्याचं त्याला, चांगल्याचं चांगल्याला.

ती ताटातच बघत राहिली. वांग्याची भाजी फार सुंदर झाली होती.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. सोनं वाटायला फक्त दोन विक्रेते आले, गेल्या वर्षी अकरा होते.

आभानं तिच्या कल्पनेचं सर्किट कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मुलांनी उत्साह दाखवला तर वाटेला लावणं बापाचं काम. मी बारकाईनं बघितलं आणि मॉड्युलेटरजवळ एक कपॅसिटर चुकीच्या जागी होता तो लाल पेननं खोडून योग्य जागी दाखवला. तिनं कागद घेतला, बराच वेळ त्या लाल खुणेकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकीचं कसं आहे?"

अक्षर चांगलं आहे म्हणालो. खरंच चांगलं आहे, माझ्या वडिलांवर गेलं आहे.

१७ ऑक्टोबर

लोडशेडिंग अकरा तास. काम शून्य.

२२ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या मालाची धांदल. दिल्लीहून येणारे मुख्य आयसी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या चिपा, आलेच नाहीत, ट्रान्सपोर्टवाला उद्या उद्या करतोय. खेमसिंगच्या तीस नगांना तीन आयसी कमी. शब्द दिलेला. मी सगळी कपाटं धुंडाळली. आभाच्या टेबलाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड सापडला, आमच्या मालाचा नव्हता, तुकडे जोडून केलेला, त्याला दोन चिमटे लावलेली लांब वायर. त्यातला आयसी काढला. दोन जुन्या नादुरुस्त सेटमधून काढले. तीस पुरे झाले आणि दुपारच्या गाडीनं गेले. दिलेल्या शब्दापासून हा अनंत कधी मागे हटला नाही.

आभा संध्याकाळी पॉलिटेक्निकमधल्या मैत्रिणीकडून आली. खण उघडून विचारलं. मी सांगितलं. तिनं तो बोर्ड हातात घेतला, आयसीच्या जागी राहिलेल्या भोकांवरून बोट फिरवलं आणि खुर्चीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती. इंदूबाई तिला चहाला घेऊन गेली आणि परत आल्यावर मला म्हणाली, "भाऊ, बारा दिस झाले, पोरगी जेवणाची सुट्टी त्या बोर्डालेच देत होती."

घरी कुंदानं सांगितलं की तो त्या तांड्यावरच्या म्हातारीसाठी होता. उद्या नेऊन देणार होती.

मग तसं खणावर लिहून ठेवायचं. दिल्लीचा माल आला की त्यातला एक तिला देईन, करू दे पुन्हा.

५ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी आटोपली. आयसी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आले. आभानं तो विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. तिचा राग गेला असावा. हल्ली फार शांत असते, काम मात्र पहिल्यापेक्षा सफाईनं करते.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आभाला नागपूरला नोकरी लागली. कुठलीशी इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी. मला अगोदर पत्ता नव्हता, कुंदाला होता. मी राहण्याचं विचारलं, जेवणाचं विचारलं, सुटायची वेळ विचारली. सगळ्याची उत्तरं तयार होती. मी म्हटलं, जा. चार ठिकाणचं पाणी प्यावं. वर्षभरात परत येशील तेव्हा आपल्या कामालाच उपयोग होईल.

ती काहीतरी विचारण्याची वाट बघत असल्यासारखी उंबऱ्यात उभी राहिली. मला वाटलं, पैसे हवेत. मी खिशात हात घातला तर आत निघून गेली.

२० नोव्हेंबर

स्टँडवर पोहोचवून आलो. नागपूरची गाडी वेळेवर सुटली. शेडवर आलो तर तिच्या टेबलावर सोल्डरिंगचं आयर्न, चिमटा, ब्रश ओळीनं मांडून ठेवलेले. इंदूबाईला म्हटलं, हात लावू नको.

१८ जानेवारी २००६, बुधवार

नवीन वर्षाची डायरी कोणी दिली नाही. जुनीच्याच कोऱ्या पानांवर लिहितो.

आर्णीला गेलो होतो. खेमसिंगच्या फळीवर नवरंगची खोकी धूळ खात आणि दुकानासमोर फटाकासाठी माणसं. धर्मपालनं नवीन मॉडेल काढलंय. आता जुन्या टीव्हीच्या एरियलच्या स्क्रूलाही लागतं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्हीसकट चालतं. लोडशेडिंगमध्ये सगळं गाव गपगार असताना तांड्यावर एका टीव्हीपुढे वीस वीस पोरं बसलेली असतात म्हणे. मी विचारलं, चित्र कसं दिसतं? त्यानं कबूल केलं की मुंग्या दिसतात. मी म्हणालो, मग?

"अनंतभाऊ," खेमसिंग म्हणाला, "मुंग्या दिसो का मुंगळे, पोट्टे हासून राह्यले."

मग तो बसंतीबाईचं सांगू लागला. नवीन मॉडेलचा पहिला नग कंपनीच्या एका पोरीनं स्वतः एसटीनं येऊन तिच्या घरी लावून दिला, पैसे घेतले नाहीत. कोण पोरगी ते सांगता सांगता खेमसिंगनं माझ्याकडे पाहिलं, थांबला आणि चहा मागवला. चहा गोडमिट्ट होता.

परत येताना गाडीत विचार केला. धर्मपालला ही अक्कल कुठून आली? त्याला तर बॅटरीची उलटी बाजू कळायची नाही. कोणीतरी हुशार माणूस ठेवला असणार.

५ फेब्रुवारी, रविवार

आभाचा फोन. तब्येत विचारली, इंदूबाईची विचारली. मग अचानक म्हणाली, "बाबा, तुम्ही फटाकाचं नवीन मशीन उघडून पाहिलं का?"

मी म्हटलं, चिखलात हात घालायची माझी सवय नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग आईला द्या म्हणाली. कुंदा फोन घेऊन वायर पुरेल तितकी स्वयंपाकघरात गेली.

२० फेब्रुवारी, सोमवार

उमरखेडच्या विक्रेत्यानं उरलेला माल परत पाठवला. पत्रही नाही. आता आर्णी सोडून कोणी उरलं नाही. सावरायचं कसं, यावर आज दिवसभर बसलो. डब्याला लाल रंग द्यावा. खोक्यावर गेमची संख्या मोठ्या आकड्यात छापावी. गेमच्या दोन कॅसेट फुकट द्याव्यात. इंदूबाईला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, मले काय विचारता, मी तं तुमी सांगसान ते करीन." पूर्वी आभा असताना इंदूबाई फाडफाड बोलायची.

खरं सांगायचं तर मला आज शेडमध्ये भीती वाटली. कशाची ते कळलं नाही.

११ मार्च, शनिवार

खेमसिंगकडून फटाका मागवला होता. दुरुस्तीला आलेला एक नग त्यानं पाठवला. दुपारी इंदूबाई जेवायला गेल्यावर उघडला. कोणी बघू नये म्हणून दार लोटून घेतलं, इतकी लाज वाटत होती.

सोल्डरिंग कावळ्याचं नव्हतं. मोती होते.

पण मी थांबलो ते वायरीपाशी. डब्याच्या भोकातून वायर आत येते तिथं, ओढली तरी सोल्डरचा डाग उखडू नये म्हणून आतून गाठ मारतात. सगळे साधी गाठ मारतात. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते, दप्तराच्या फडक्याला ते दोन वेढे देऊन टोक उलट्या अंगानं आत घालायचे. ओढली की आवळते, टोक धरलं की एका झटक्यात सुटते. त्यांनी ती मला शिकवली, मी आभाला शिकवली, तेव्हा ती सात वर्षांची होती आणि बुटाचे बंद त्या गाठीनं बांधून शाळेत जायची. या जिल्ह्यात, नागपुरात, कुठंही ती गाठ दुसऱ्या कोणाला येत नाही.

मी ती गाठ सोडली नाही. नुसतं टोक धरून बसलो. इंदूबाई आली, दार वाजवलं, मी म्हटलं थांब.

मग आभानं काढलेला सर्किटचा कागद शोधला. माझ्याच खणात होता, ती परत ठेवून गेली असणार. कागद आणि मशीन शेजारी ठेवून एकेक भाग ताडून पाहिला. सगळं तसंच. फक्त माझी लाल खूण जिथे होती, तिथं कपॅसिटर माझ्या जागी नव्हता. तिच्या मूळच्या जागी होता. मी टेबलावर दोन्ही तऱ्हांनी जोडून बघितलं. माझ्या जागी लावला तर पडद्यावर नुसता पाऊस. तिच्या जागी लावला तर चित्र येतं.

तिला तेव्हाच कळलं असणार की मी चुकलो. म्हणून इतका वेळ पाहत होती. आणि मला न दुखवता विचारलं, बाकीचं कसं आहे.

१२ मार्च, रविवार

कुंदाला विचारलं. तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला पूर्ण ओरडू दिलं, पदरानं हात पुसले आणि मग बोलली.

"तुम्ही कंपनीचं नाव विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. उंबऱ्यात उभी राहून ती तेवढंच विचाराल म्हणून वाट पाहत होती. तुम्ही तिच्या हातावर पैसे ठेवायला निघाले."

जेवलो नाही. कुंदाही जेवली नाही.

१५ मार्च, बुधवार

धुळवड. बाहेर पोरं रंग खेळताहेत. मी शेडमध्ये येऊन बसलो.

प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे, तर लिहून टाकावं. नवरंग मागे पडला कारण मी तो माझ्या टेबलावरच्या टीव्हीसाठी बनवत होतो. कापूस, लोडशेडिंग, धर्मपाल, या सगळ्यांवर मी खापर फोडलं. कापूस पडला म्हणून तर लोकांनी टीव्ही बदलले नाहीत, आणि घरात हसण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तर गेम घेतले. हे मला समोर येऊन एका म्हातारीनं सांगितलं होतं आणि मी तिला पाटी दाखवली.

सावरण्याचा उपायही सोपा आहे. मॉड्युलेटर घालायचा, बॅटरीची वायर द्यायची, डबा आमचा जाड आहेच, चित्र फटाकापेक्षाही सुधारता येईल. तीन महिन्यांत नवरंग उभा राहील. पण मग ते माझ्या मुलीचंच मशीन मी चोरून बनवल्यासारखं होईल. आणि ते माझ्याकडे आणणारी होती ती नागपुरात आहे. ती परत आली तर नवरंग सावरेल. ती आली नाही तर सावरून काय करायचं, मला माहीत नाही.

नागपूरला जातो. तिला दोन गोष्टी सांगायच्या. मशीन उत्तम आहे, आणि घरी चल.

२१ मार्च, मंगळवार

सकाळच्या गाडीनं गेलो, संध्याकाळी परत आलो.

इतवारीच्या मागच्या एका गल्लीत धर्मपालचा कारखाना. त्यानं मला बघताच स्वतःची खुर्ची दिली, पाणी आणलं, कामावरच्या बायकांना सांगितलं की हे आमचे गुरू, यांच्याजवळ मी रंग वाचायला शिकलो. मला जमिनीत जावंसं वाटलं. एका भिंतीला फळ्यांवर जुने ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, अकरा मोजले, कुणाचं बटण तुटलेलं, कुणाला खडूनं गावाचं नाव लिहिलेलं. प्रत्येक मशीन त्या अकरांवर लावून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

"आमची आभाताई म्हणाली, पहिले लोकाहीचे टीव्ही आणा, मंग मशीन बनवू," धर्मपाल म्हणाला. "म्या तं आयकलं फक्त."

आयकलं फक्त. त्याला वाटलं तो स्वतःला कमी लेखतोय.

आभा आली. अंगावर निळा एप्रन, थोडी वाळली आहे. बायका तिला ताई म्हणतात आणि ती बोलत असताना हातातलं काम थांबवून ऐकतात. मला वाकून नमस्कार केला. नवीन मशीन माझ्यापुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिली, निकालाला उभी राहावी तशी.

मी मशीन हातात घेतलं. सहा दिवस मनात घोळवलेलं वाक्य तोंडात होतं. बटण दाबून पाहिलं आणि म्हणालो, "स्विच ढिला आहे. वेचणीच्या दिवसांत आत धूळ जाईल."

तिनं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मग वर पाहिलं आणि वाट पाहिली. मला कळत होतं ती कशाची वाट पाहते आहे. आता मला सगळं कळतं. तरी तोंडातून निघालं ते असं की गाडीची वेळ झाली.

स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली तेव्हा मी कसंबसं म्हटलं, घरी चल, तू म्हणशील तसा नवरंग करू. ती माझा हात धरून उभी होती. म्हणाली, "बाबा, मी पहिले तुम्हालाच दाखवलं होतं. दोनदा."

रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मी काही उत्तर दिलं असतं. मग तिनं माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली, खिडकीतून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खाली उभी राहिली. वर्धा येईपर्यंत मी रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं, कोणी गेलं का? मी हो म्हणालो.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. आभाचा फोन आला, कुंदाशी बोलली. मी अंगणात होतो.

८ एप्रिल, शनिवार

इंदूबाईला सांगितलं की शेड या महिनाअखेर बंद करतो, दत्त चौकात पुन्हा दुरुस्तीला बसेन. तिला धर्मपालकडे चिठ्ठी देतो म्हटलं, तिथं चांगल्या हाताला मान आहे. ती म्हणाली नागपूर दूर पडतं, लेकरं इथं शाळेत आहेत. "भाऊ, आभाताई येणार न्हाई का आता?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.

टेबलावरची आभाची अवजारं आज मीच पिशवीत भरली.

२६ एप्रिल, बुधवार

शेवटचा हिशोब मिटवायला खेमसिंग आला. येताना फटाकाचा नवीन माल घेऊन आला होता, तांड्यावर लग्नात द्यायला दोन. एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. मी उघडलं, सवयीनं आधी बटण दाबलं.

स्विच बदललेला. ठाम बसतो, आणि वर धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी.

जेमतेम महिना झाला त्याला. मी एक वाक्य बोललो, तेही खोड काढणारं, आणि तिनं ते ऐकून अख्खं मशीन बदललं. खेमसिंग सांगत होता की आता एकही परत येत नाही. मी मान हलवत राहिलो. तो गेल्यावर खोकं उलटंपालटं करून पाहिलं. एका बाजूला तक्रारीसाठी म्हणून फोन नंबर छापलेला.

कुंदा बाजारात गेली होती. मी नंबर फिरवला. कोणीतरी बाई बोलली, फटाका टीव्ही गेम, काय तक्रार हाय? मागे कारखान्याचा आवाज, एका टीव्हीवर कुठलातरी गेम चालू असल्याचा टुणटुण आवाज.

मी म्हटलं, तक्रार नाही. मशीन फार चांगलं आहे एवढंच सांगायचं होतं. ज्यानं कोणी बनवलं, त्यानं मन लावून बनवलंय. आमच्या घरात इतकं चांगलं कधी कोणी बनवलं नाही.

हे सगळं मी न अडखळता बोललो. बाई खूश झाली. कोण बोललं म्हणून लिहू, तिनं विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून आवाज आला, कोण आहे म्हणून. आभाचा आवाज. लहानपणी दारावर कोणी आलं की आतून विचारायची तसाच. बाईनं फोनवर नीट हात ठेवला नव्हता, मला सगळं ऐकू आलं. "कोनी न्हाई ताई, एक गिऱ्हाईक हाय, मशीन चांगली हाय म्हंते."

"बरं, नाव लिहून घ्या त्यांचं," आभा म्हणाली.

मी फोन ठेवला.